टोपी काढली की चुकायचं

चुकायचं कसं, हे शिकवायला नारायण मास्तरांना एकवीस दिवस लागले. बरोबर कसं करायचं, हे शिकवण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती आणि त्यात म्हणावं तितकं यश आलं नव्हतं. त्या मानाने हा उद्योग फार लवकर आटोपला. त्या अठरा वर्षांबद्दल मास्तरांना कधी वाईट वाटलं नाही. या एकवीस दिवसांबद्दलही वाटलं नाही. वाटलं ते त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल, आणि ते पुढे कायम वाटत राहिलं.

साल छत्तीस. मास्तर भोरच्या एका शाळेत गणित शिकवत. दोन वर्षांपूर्वी शाळेचे कवायतीचे शिक्षक लग्न होऊन सासऱ्यांच्या धंद्यात गेले, तेव्हा त्यांच्यामागे एक शिट्टी, एक कातडी चेंडू आणि बास्केटबॉलच्या नियमांचं पातळ पुस्तक एवढा संसार उरला. तो कुणाच्या गळ्यात घालावा यावर हेडमास्तरांनी आठवडाभर विचार केला. चेंडू गोल आहे आणि वर्तुळ नारायणराव शिकवतात, या मुद्द्यावर तो मास्तरांकडे आला.

खेळासाठी दोन खांब हवे होते. मास्तरांनी दोन सागवानी खांबांसाठी अर्ज केला, तर एकाच खांबाचा परवाना आला. दुसऱ्यासाठी पुन्हा अर्ज केला, तेव्हा पहिला खांब कोणत्या कारणाने अपुरा पडतो, अशी विचारणा झाली. मास्तरांनी मैदानाचा नकाशा काढून, मापं घालून, एका खांबावर दोन्ही संघ चढाई करू लागले तर काय होईल याचं सहा ओळींत वर्णन केलं. खांब आला. त्यावर कडं ठोकायला पाठीमागे फळी लागते. तिच्याकरता शाळेचे दोन जुने काळे फळे कामी आले. त्यातल्या एकावर एकोणतीसचा पाढा पुसट दिसे. पावसाळे गेले, पण तो पाढा काही गेला नाही.

खेळ तसा साधा. चेंडू कड्यातून खाली आला की दोन गुण. कुणी गैर धक्का दिला तर ज्याला धक्का बसला त्याने एका रेघेवर उभं राहायचं, कुणी आड यायचं नाही, आणि शांतपणे एक नेम मारायचा. याला पुस्तकात फ्री थ्रो म्हणत. पोरं मोकळा नेम म्हणत. त्याचा एक गुण. आता महत्त्वाची गोष्ट. त्या काळी गुण झाला, मग तो एकाचा असो की दोनाचा, की चेंडू मैदानाच्या मध्यावर न्यायचा, दोन्ही बाजूंचा एकेक गडी समोरासमोर उभा करायचा आणि पंचाने चेंडू वर उडवायचा. ज्याचा हात उंच जाईल त्याच्या संघाचा चेंडू. शिरवळच्या संघात एक मुलगा होता, त्याला भोरची पोरं दीपमाळ म्हणत. तो उडीही मारत नसे. नुसता हात वर करी, एखाद्याने फळीवरचा डबा काढावा तसा.

मागल्या वर्षी शिरवळकर दोन गुणांनी पुढे होते. शेवटच्या क्षणी भोरच्या गेनूला मोकळा नेम मिळाला. गेनूचा नेम चुकत नसे. त्याने चेंडू घातला, टाळ्या पडल्या, चेंडू मध्यावर गेला, दीपमाळेने हात वर केला, आणि शिट्टी झाली. भोर एका गुणाने हरलं.

गावाला वाटलं, थोडक्यात हुकलं. मास्तर घरी गेले, टोपी खुंटीला अडकवली, पाटी घेतली आणि अर्ध्या तासाने मालिनीबाईंना म्हणाले, "त्याने चुकायला हवं होतं."

"कुणी?"

"गेनूने."

"अहो, तो चुकला नाही म्हणून तर तुम्ही त्याला पेढा दिलात!"

"तो पेढा चुकला," मास्तर म्हणाले.

हिशेब असा होता. गुण केला, तर आपण एकाने मागे आणि चेंडू दीपमाळेचा, म्हणजे संपलं. पण नेम चुकला आणि चेंडू कड्यावर आपटून परत मैदानात आला, तर मध्यावर जायचं कारणच नाही. चेंडू जो झेलील त्याचा. आपल्या पोराने झेलून तिथल्या तिथे घातला, तर दोन गुण, बरोबरी, आणि जादा पाच मिनिटं. मास्तर नुसत्या तर्कावर विसंबणारे नव्हते. सहामाहीनंतर त्यांनी दोन्ही प्रकार वीस-वीस वेळा करून पाहिले. दीपमाळेच्या जागी कुंडलिक नावाच्या मुलाला बाकावर उभं केलं. घालायचे नेम गेनूने मारले, चुकायचे ज्यांचे एरवीच चुकतात त्यांनी. गुण करून एकदाच जिंकता आलं. चुकून सात वेळा बरोबरी झाली. जादा पाच मिनिटांत अर्धी आशा धरली तरी साडेतीन. एकापेक्षा साडेतीन मोठे, हे तिसरीतलं पोर सांगेल. हे सगळं गेनूने स्वतः आपल्या वहीत मांडलं, आणि मास्तरांनी त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

अडचण एकच. गेनूला चुकता येईना.

गेनू पासलीचा. वेल्ह्याच्याही पलीकडचं गाव. भोरला तो शाळेच्या वसतिगृहात राहून सहावी शिकत होता. पाचव्या वर्षापासून तो भातावर राखणीला बसलेला, हातात गोफण. ज्याच्या हातून रोज शेकडो दगड सुटतात त्याला नेम शिकवावा लागत नाही, आणि विसरवताही येत नाही. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला वीस वेळा चुकायला सांगितलं. चौदा वेळा चेंडू कड्यात गेला.

"जातोच ओ त्यो, मास्तर," गेनू रडवेला होऊन म्हणाला.

"अरे, मनात दुसरं काही आण."

"काय आनू?"

"भागाकार आण."

भागाकार मनात आणून त्याने पुढचे सहा सलग घातले.

उरलेल्या वेळी तो चुके, पण साफच चुके. चेंडू फळ्याच्या डोक्यावरून थेट नीरेच्या उतारावर जाई आणि एक मुलगा त्याच्यामागे. असं चुकणं काय कामाचं? कड्याला लागलं पाहिजे, आत जाता कामा नये, आणि उडून डाव्या अंगाला कुंडलिकच्या हातात पडलं पाहिजे. म्हणजे चुकायचं खरं, पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने. मास्तर हे रोज संध्याकाळी समजावत. त्यांचा आवाज जरा मोठा होता, आणि मैदानाशेजारून रस्ता जात होता.

भोर काही मोठं गाव नव्हे. चार दिवसांत सगळीकडे झालं, की नारायण मास्तर पोरांना चुकायला शिकवतात.

शेजारचे गंगाधरपंत वकील मुद्दाम ओसरीवर येऊन बसले. "नारायणराव, प्रश्न हेतूचा आहे. हातून चूक झाली तर ती माफ. पण ठरवून केली, पूर्वतयारीने केली, साथीदार घेऊन केली, तर मग ती चूक राहत नाही. तिला वेगळं कलम लागतं."

"पण नियमात कुठे म्हटलंय की नेम लागलाच पाहिजे?"

"नियमात तर काय, सुपारी तोंडात धरून बोलू नये असंही म्हटलेलं नाही," असं म्हणून पंतांनी सुपारी तोंडात टाकली. पुढे काय म्हणाले ते कळलं नाही.

पलीकडच्या अंबूबाई सत्तरीच्या होत्या आणि मास्तरांना ते झबल्यात होते तेव्हापासून पाहत आल्या होत्या. त्या दाराशीच थांबून म्हणाल्या, "नारायणा, पोरं आपसूक चुकतात रे. त्याला मास्तर कशाला हवा?" मालिनीबाई जेवताना ताटात पोळी वाढत म्हणाल्या, "पोळी करपवायला शिकवणारं कुणी असेल तर सांगा. मीही शिकवणी लावते." ती पोळी करपलेलीच होती, ठरवून की आपसूक, हे विचारायचं धैर्य मास्तरांना झालं नाही.

इथवर ठीक होतं. पण मास्तरांना एक सवय होती: जे शिकवलं ते टाचणवहीत लिहायचं. भाद्रपदाच्या अखेरीस त्यांनी लिहिलं, 'इयत्ता सहावी. गेनू सावळाराम. चुकण्याचा सराव. प्रगती मंद.' हेडमास्तर टाचणवह्या कधी वाचत नसत. या वेळी वाचली. त्यांनी ती घाबरून वर पाठवली, आणि आठ दिवसांनी पत्र आलं. 'चुकणे हा विषय मंजूर अभ्यासक्रमात आढळून येत नाही. तरी सदरहू विषय कोणाच्या परवानगीने सुरू केला, त्यास तासिका किती, व परीक्षेत चुकलेल्या विद्यार्थ्यास उत्तीर्ण समजण्यात येणार किंवा कसे, याचा खुलासा तीन प्रतींत करावा.'

मास्तरांनी खुलासा केला. चार पानं, आकृतीसह. सात विरुद्ध एक, दीपमाळेची अंदाजे उंची, सगळं घातलं. तीन प्रती स्वतःच्या हाताने काढल्या. आपला मुद्दा इतका स्वच्छ आहे की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. अठरा वर्षं मुलांमध्ये काढलेल्या माणसाचा असा समज होतो, की बरोबर उत्तर दाखवलं की समोरचा 'हो' म्हणतो. उत्तर आलं ते एका ओळीचं: 'खुलासा पोचला. सामन्यास इन्स्पेक्टरसाहेब जातीने हजर राहतील.'

याच सुमाराला एके दुपारी सावळाराम आला. गेनूचा बाप. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पासलीहून दोन दिवसांची वाट चालून. वेल्ह्याच्या बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"मास्तर, राम राम. पोरगं नापास झालं म्हना की सरळ."

"अहो सावळाराम, नापास कुठे? बसा. हुशार आहे तो."

"मंग लोक म्हनत्यात, मास्तर त्येला चुकायला शिकिवत्यात. हुशार पोराला कोन शिकिवतं तसलं?"

मास्तरांनी त्याला मैदानावर नेलं आणि हिशेब समजावून सांगितला. सावळाराम उकिडवा बसून ऐकत होता. ना कलम आठवलं त्याला, ना पाप. सगळं ऐकून त्याने फक्त विचारलं, "म्हंजी त्ये लांबडं पोरगं हिकडं ऱ्हावं, आन चेंडू तिकडं उडावा. असंच ना?"

"असंच."

"आरं गेन्या!" सावळाराम उठला. "राखणीला बसतूस तवा दगूड पाखराला मारतूस व्हय?"

"न्हाई."

"मंग कुटं मारतूस?"

"अल्याड," गेनू म्हणाला आणि एकदम थांबला.

"अल्याड मारायचा, म्हंजी पाखरू पल्याड उडतं," सावळाराम मास्तरांना समजावू लागला, अगदी मास्तर पोरांना समजावतात तसा. "पाखराला दगूड घालून काय मिळतं? एक मरतं, धा तितंच बसत्यात. थवा उठवायचा, आन आपल्याला पायजे त्या अंगाला उठवायचा. म्या चाळीस वरसं चुकतूय, मास्तर. तवा घरात भात येतंय."

गेनूने चेंडू घेतला, कड्याकडे पाहिलं, आणि या वेळी कड्यात नव्हे तर कड्याच्या अलीकडच्या काठावर टाकला. चेंडू ठणकन उडाला आणि कुंडलिकच्या छातीवर आला. बेसावध कुंडलिक खाली बसला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तिथेच. त्या संध्याकाळी विसातले सतरा ठरल्या जागी पडले. जे मास्तरांना बारा दिवसांत जमलं नाही ते सावळारामने बसल्याजागी केलं. मास्तरांचा स्वाभिमान जरा दुखावला. पण ते जातीचे शिक्षक होते. त्यांनी टाचणवहीत लिहिलं, 'प्रगती समाधानकारक.'

निघताना सावळारामने मनातलं सांगितलं. घरात कर्ता माणूस तो एकटाच, गेनूच्या आईच्याने, धोंडाबाईच्याने, आता राखण होत नाही. कापणीला गेनूला घरी न्यायचं ठरलं होतं, आणि मग शाळा कायमची बंद.

मास्तर कळवळून म्हणाले, "अहो, हा सामना जिंकला तर पोरं पुण्याला जातील खेळायला. तिथे कुणी मोठी माणसं बघतील त्याला. एक वर्ष तरी द्या."

सावळारामने घोंगडीची एक दशी ओढून तोडली. "पुन्याला गेला, तर आनिक एक वरीस दिलं. म्या कसंबी करीन. न्हाई गेला, तर त्याच पावली माज्यासंगं घरी. चाललं?"

"चाललं," मास्तर म्हणाले. हिशेब त्यांच्या बाजूने होता.

आता खूण. त्या काळी खेळ चालू असताना बाहेरून ओरडून काही सांगायला नियमाची मनाई होती. हात वर करावा तर शिरवळकर ओळखतील. म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक अगदी निर्दोष खूण ठरवली होती. ते मैदानाकडेला उभे असत, ऊन असे, टोपी काढून डोकं पुसलं तर कोण हरकत घेणार? टोपी काढली की चुकायचं. टोपी डोक्यावर असली की घालायचा. एकवीस दिवस टोपी काढून काढून तिची कड सैल झाली. पोरांच्या अंगवळणी ती खूण इतकी पडली, की एकदा वर्गात मास्तरांनी उकडतं म्हणून टोपी काढली, तर गेनूने पाटीवरचं बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहिलं.

सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. मैदानाभोवती सगळा गाव. गंगाधरपंत पहिल्या रांगेत, अंबूबाई भिंतीच्या सावलीत, आणि एका कडेला आंब्याखाली घोंगडीवर सावळाराम. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी उभे राहायला निघाले, तोच हेडमास्तरांनी त्यांचा दंड धरला.

"तिकडे कुठे? साहेब आलेत. त्यांच्याशेजारी तुमची खुर्ची आहे."

"मी उभाच बरा."

"साहेबांनी स्वतः सांगितलंय. चला."

इन्स्पेक्टरसाहेब म्हणजे लाल पगडी, लांब कोट, आणि मांडीवर कागदांचं पुडकं. त्यात सर्वांत वर आपल्याच हातच्या आकृत्या मास्तरांना दिसल्या. ते खुर्चीच्या कडेवर बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण जगातली सर्वांत वाईट खूण निवडली आहे.

आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण त्या दिवसांत वरिष्ठाशेजारी बसून डोक्यावरची टोपी काढायची, म्हणजे एक तर घरात कुणीतरी गेलं असावं, नाहीतर माणसाने नोकरी तरी सोडली असावी. बोडक्या डोक्याने साहेबापुढे कुणी बसत नसे. ताप भरलेला कारकूनही टोपी घालून थंडीने कुडकुडे. मास्तरांनी अर्धा सामना याच विचारात घालवला, की असा प्रसंगच येऊ नये.

तो आला. शिरवळ वीस, भोर अठरा. हातात घड्याळ धरून बसलेले पोस्टमास्तर ओरडले, "अर्धं मिनिट!" गेनू चेंडू घेऊन वळत होता, दीपमाळेचा हात त्याच्या खांद्यावर पडला, शिट्टी झाली. मोकळा नेम. एकच.

गेनू रेघेवर गेला. कुंडलिक डाव्या अंगाला उभा राहिला, गुडघे किंचित वाकवून, जसं ठरलं होतं तसा. गेनूने चेंडू हातात फिरवला आणि मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांचा हात टोपीकडे गेला. कड बोटांत आली.

"नारायणराव," साहेब कानाशी हळूच म्हणाले, "तुमचा खुलासा मी वाचलाय बरं का. आता पाहू, मुलांना आपण काय शिकवता ते."

मास्तरांनी टोपी धरली, आणि खाली ओढून डोक्यावर घट्ट बसवली.

गेनूने दुसऱ्यांदा पाहिलं. एकवीस दिवसांत त्याने दुसऱ्यांदा कधी पाहिलं नव्हतं. मास्तर समोर बघत होते. मग त्यांनी आपल्या पायातल्या जोड्यांकडे बघायला सुरुवात केली.

चेंडू कड्याला न शिवता आत गेला. पहिली टाळी साहेबांनी वाजवली, मग साऱ्या गावाने. चेंडू मध्यावर गेला. दीपमाळेने फळीवरचा डबा काढला. शिट्टी झाली.

वीस-एकोणीस.

साहेब उठून मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "शाबास! हरलात, पण मुलाला सरळ वाटेवर ठेवलंत. याला शिक्षण म्हणतात." हेडमास्तरांचे डोळे भरून आले. गंगाधरपंत म्हणाले, "हेतू शुद्ध. खटलाच उरला नाही." आणि या सगळ्या गर्दीत घामेजलेला गेनू समोर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखादी पायरी समजली नाही की तो जसा विचारी, तसंच त्याने विचारलं:

"मास्तर, गनित चुकलं व्हतं का?"

साहेब हसून मास्तरांकडे पाहू लागले.

"हो," मास्तर म्हणाले. "चुकलं होतं."

अठरा वर्षांत त्यांनी एकाही मुलाच्या बरोबर गणितावर काट मारली नव्हती.

आंब्याखाली सावळाराम उठला, घोंगडी झटकली, मुंडासं आवळलं. "चल बाबा. भात पिवळं पडलंय." मग मास्तरांजवळ येऊन नमस्कार केला. "येतू मास्तर. तुमी लई केलंत." तक्रारीचा एक शब्द नाही. एखादा शब्द बोलला असता तरी मास्तरांनी तो जन्मभर जपून ठेवला असता.

पुढचे महिने फार वाईट गेले, कारण सगळे चांगलं बोलत होते. कचेरीतून पत्र आलं, 'सदरहू शिक्षकाने ऐनवेळी सद्विवेक दाखवल्याबद्दल समाधान वाटते.' हेडमास्तरांनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. अंबूबाईंनी बेसनाचे लाडू आणून दिले. "शहाणा झालास रे नारायणा." मास्तरांनी ते लाडू खाल्ले, आणि त्यानंतर बेसनाचा लाडू त्यांना कधी गोड लागला नाही. मालिनीबाई मात्र एक दिवस खुंटीवरची टोपी हातात घेऊन म्हणाल्या, "कड सैल झालीय हिची. नवी आणायची का?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा खुंटीला लावली.

पासलीला जायला हवं, असं मास्तर रोज म्हणत. दिवाळीत पाहुणे आले, उन्हाळ्यात पेपर आले, पावसाळ्यात ओढे आले. तिथे जाऊन म्हणायचं तरी काय? सहावीच्या हजेरीत गेनूचं नाव पुढचा एक महिना होतं, दुसऱ्यात त्यावर रेघ आली. ती रेघ मास्तरांनीच ओढली.

वर्षाने, पुन्हा भात फुलाऱ्यातून दाण्यावर आलं, तेव्हा ते निघाले. नसरापूरपर्यंत मोटार, मार्गासनीपर्यंत एका शेतकऱ्याची बैलगाडी, तिथून वेल्ह्याला मुक्काम करून पुढे पायी. जोडा चावला, छत्री मोडली, एका कुत्र्याने धोतराची कड नेली. एरवी मास्तरांनी या प्रवासाची हकिकत महिनाभर सांगितली असती. ती त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

गेनू राखणीच्या माचावर उभा होता, हातात गोफण. वीतभर वाढला होता. मास्तरांना पाहून त्याने खाली उडी मारली आणि पाया पडला.

"मास्तर! आन असं चालत?"

मास्तरांनी वाटेत सहा वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "गेनू," ते म्हणाले, "तुझं गणित बरोबर होतं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मला ठावं व्हतं."

"कसं ठाऊक होतं?"

"वहीत तुमीच लाल शाईनं खूण केलीया. म्या घरी येऊन पुन्यांदा मांडलं. साडेतीनच येत्यात." गेनूने गोफणीची दोरी बोटाला गुंडाळली. "तुमी बोललेलं चुकंल, मास्तर. खूण कशी चुकंल?"

"मग तू चेंडू घातलास का? तुला माहीत होतं तर चुकायचं होतंस! तुझं पुणं गेलं, शाळा गेली."

गेनू जरासा हसला, मोठ्या माणसाने लहानाला सांभाळून घ्यावं तसं.

"टोपी डोक्यावर व्हती ना, मास्तर."

समोर पिवळ्या भातावर पाखरांचा थवा उतरला. डोंगरावरून गार वारा येत होता, ऊनही फारसं नव्हतं. घाम पुसायचं काही कारण नव्हतं. मास्तरांनी सावकाश टोपी काढली.

गेनूने एकदा त्या टोपीकडे पाहिलं. मग गोफणीत दगड घातला, डोक्याभोवती फिरवला आणि सोडला. दगड पाखरांच्या अलीकडे, बांधावर पडला. सगळा थवा उठला आणि पलीकडच्या रानाकडे वळला, जिथे जायला हवा होता तिथेच.

मास्तर टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. ती पुन्हा घालायची घाई नव्हती. इथे साहेब कुठेच नव्हते.